बुलेटचा पिकअप मोजायचा कसा

नवा सायलेन्सर बसवलेला माणूस गॅरेजपासून पहिल्या चौकापर्यंत एक फेरी मारून येतो आणि सांगतो, की पिकअप वाढला. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटलेले असते. मूठ पिळल्याबरोबर आवाज मोठा झाला, की गाडी जास्त जोराने पुढे झेपावते आहे अशी जाणीव सगळ्या अंगाला होते, आणि दहा टक्क्यांनी वाढलेली किंवा घटलेली ओढ नुसत्या बसण्यावरून ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. मी जुन्या बिडाच्या इंजिनाची ३५० बुलेट वापरतो आणि तिच्या दुरुस्तीची बहुतेक कामे स्वतः करतो. या कामातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. इंजिनाला हात लावण्यापूर्वी गाडी आज किती ओढते हे आकड्यात लिहून ठेवले पाहिजे, आणि तो आकडा मिळवण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही.

यंत्र अर्थात असते, आणि त्याची परंपरा जुनी आहे. वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याशी करून जेम्स वॉट यांनी अश्वशक्तीचे माप रूढ केले. फिरत्या दांड्याला ब्रेक आवळून त्याची ताकद मोजण्याची युक्ती फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी १८२१ साली काढली, आणि विल्यम फ्रूड यांनी १८७७ साली त्याच कामासाठी पाण्याचा वापर केला. 'ब्रेक हॉर्सपॉवर' या शब्दातला ब्रेक तो हाच. आपल्याकडे पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली वाहन-संशोधन संस्था आहे, तिथे गाड्यांच्या चाचण्या होतात; शिवाय मोठ्या शहरांत ट्यूनिंग करणाऱ्या काही गॅरेजांत मागचे चाक रोलरवर फिरवून ताकद मोजणारे चासी डायनोही आता दिसू लागले आहेत. डायनोवर जाणे शक्य असेल तर जरूर जावे. मात्र एका गोष्टीचे भान ठेवावे. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा क्रँकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचा, असतो आणि डायनोवरचा चाकावरचा. क्लच, गिअरबॉक्स आणि चेन यांत मधली दहा-पंधरा टक्के ताकद खर्च होते. त्यामुळे माहितीपत्रकात १८ अश्वशक्ती असताना डायनोने साडेपंधरा दाखवली म्हणून इंजिन खराब झाले, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

हे १८ अश्वशक्तीचे इंजिन कसे आहे, ते आधी पाहिले पाहिजे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर, म्हणून आकारमान ३४६ घन सेंटिमीटर. कमाल ताकद मिनिटाला ५,६२५ फेऱ्यांवर मिळते. त्या फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ १७ मीटर होतो. स्प्लेंडरच्या छोट्या इंजिनात पिस्टनचा प्रवास ४९.५ मिलिमीटरच आहे, त्यामुळे ते मिनिटाला ८,००० फेऱ्या फिरले तरी हा वेग १३ मीटरच्या आसपास राहतो. म्हणजे बुलेटचे इंजिन सावकाश धडधडताना ऐकू येत असले, तरी आतला जड पिस्टन स्वस्थ नसतो. त्यात मोठ्या फ्लायव्हीलचे वजन आणि बिडाच्या सिलिंडरची तापून राहण्याची सवय यांची भर घातली, म्हणजे या गाडीकडून जास्त फेऱ्या मागण्यात शहाणपणा नाही हे पटते. तिच्याकडून मागायची ती मधल्या फेऱ्यांवरची ओढ. एसटीच्या मागून निघून घाटात चढताना किंवा मागे माणूस बसलेला असताना उपयोगी पडते ती तीच, आणि नेमकी तीच घरच्या घरी मोजता येते.

माझी पद्धत साधी आहे. गावाबाहेरचा सरळ, सपाट, रहदारी नसलेला रस्ता पहाटे गाठायचा. गाडी टॉप गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरच्या आसपास स्थिर ठेवायची, मूठ पूर्ण उघडायची आणि ५५ पासून ६५ पर्यंत जाण्यास किती सेकंद लागतात ते नोंदवायचे. मग वेग ७० च्या थोडा पुढे नेऊन गाडी न्यूट्रल करायची आणि तिला आपोआप मंदावू द्यायचे. ६५ वरून ५५ वर येण्यास लागलेला वेळही लिहायचा. पहिल्या वेळात इंजिनाची ओढ दिसते, पण ती हवेचा आणि रस्त्याचा अडथळा वजा होऊन उरलेली असते. दुसऱ्या वेळात तो अडथळाच दिसतो. दोन्ही वेळांत दर सेकंदाला वेग किती बदलला ते काढून त्यांची बेरीज केली आणि तिला वजनाने गुणले, की मागच्या चाकावर पोहोचलेली एकूण ओढ हाती येते.

समजा, चढता वेळ तीन सेकंद आला आणि उतरता साडेचार. ताशी दहा किलोमीटरचा फरक म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर. त्याला तीनने भागले की ०.९३, साडेचारने भागले की ०.६२, आणि बेरीज सुमारे १.५४. गाडी आणि चालक मिळून वजन २४० किलो असेल, तर ओढ झाली सुमारे ३७० न्यूटन. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, गुणाकार केला की ६,२०० वॅटच्या जवळपास, म्हणजे मागच्या चाकावर सव्वाआठ अश्वशक्ती. फिरत्या चाकांची जडता यात धरलेली नाही, त्यामुळे खरा आकडा काही टक्क्यांनी जास्त असतो; पण आपल्याला कालच्या आणि आजच्या गाडीची तुलना करायची असते, आणि ही चूक दोन्ही दिवशी सारखीच होते. वजन मात्र अंदाजाने धरू नये. भंगारवाल्याच्या काट्यावर पेट्रोलसकट गाडी एकदा चढवून आणावी.

वाऱ्याचा आणि न दिसणाऱ्या चढाचा परिणाम जावा म्हणून प्रत्येक मोजणी त्याच पट्ट्यावर जाताना आणि येताना अशी दोन्ही दिशांनी करावी, आणि सरासरी काढावी. स्पीडोमीटरचा काटा थरथरतो आणि बहुधा वेग जास्तच दाखवतो, म्हणून मोबाईलच्या जीपीएसची नोंद बरी. हवामानाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे, आणि लोक तो बहुधा विसरतात. डिसेंबरातल्या पहाटे १० अंशांवर असलेली हवा मे महिन्यातल्या दुपारच्या ४० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी दाट असते. इंजिनाच्या ताकदीवर त्याचा परिणाम तेवढा पडत नसला, तरी पाच टक्के सहज पडतो, आणि कितीतरी प्रसिद्ध 'बदलां'चा फायदा याहून कमी असतो. उंचीचेही तसेच. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला आलो, की १,३५० मीटरच्या आसपासच्या त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी असतो. इंजिन प्रत्येक घोटाला जवळजवळ तितकी हवा कमी पिते, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणून गाडी वर पोहोचता पोहोचता जड वाटू लागते. कोकणातून आलेला माणूस त्या वेळी इंजिनात बिघाड शोधू लागतो. बिघाड काही नसतो.

या गाडीला टॅकोमीटर नाही, पण फेऱ्या मोजण्याची एक सुंदर वाट आवाजातूनच जाते. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. मिनिटाला ३,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २५ ठोके. मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करून तो संगणकावर उघडला, की लाटेचे एकेक टोक वेगळे दिसते. दोन टोकांमधले अंतर सेकंदाच्या किती भागाचे आहे ते पाहायचे, की त्या क्षणीच्या फेऱ्या कळतात. हे पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण ज्या आवाजाने माणसाची दिशाभूल होते तोच आवाज मोजला की चोख हिशेब देतो. याचा एक अनपेक्षित उपयोगही आहे. टॉप गिअरमध्ये फेऱ्या आणि वेग यांचे प्रमाण कायम राहायला हवे. मूठ पूर्ण उघडल्यावर फेऱ्या वेगापेक्षा पुढे पळू लागल्या, तर क्लच घसरतो आहे. अशा वेळी इंजिनाची ताकद वाढवायला निघणे व्यर्थ आहे. आधी क्लचप्लेटा पाहाव्यात.

उतरत्या वेळाचेही असेच. तो कमी आला, म्हणजे गाडी लवकर मंदावली, तर दोष इंजिनाबाहेर आहे. बुलेटच्या मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला घासत राहणे, चेन जास्त ताणलेली किंवा कोरडी असणे, टायरमध्ये हवा कमी असणे, ही सगळी कारणे उतरत्या वेळात लगेच दिसतात. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे. ते दोन-चार फेऱ्या मोकळे फिरले नाही, तर हजारो रुपयांच्या फिल्टरआधी ब्रेकच्या रॉडचा नट अर्धा आटा सैल करून पाहावा. ज्याला लोक 'इंजिनाचा दम गेला' म्हणतात, त्यातला बराचसा दम माझ्या अनुभवात मागच्या ड्रममध्ये सापडलेला आहे.

त्यानंतर इंजिन आतून घट्ट आहे का, ते पाहावे. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावायचा, मूठ पूर्ण उघडी ठेवायची, किक मारायच्या आणि आकडा लिहायचा. मग सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आधी कमी असलेला दाब आता वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. तरीही वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉड नावाच्या दांड्याचा ताण, पाहायला या गाडीला फट मोजण्याचा फिलर गेजही लागत नाही. इंजिन थंडगार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वर आणून, पुशरॉड दोन बोटांत धरला तर सहज फिरावा, पण वर-खाली खेळू नये. फिरत नसेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि मिटला नाही की दाब निसटतो, व्हॉल्व्ह जळतो.

आता टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी केव्हा पडते ते. माझ्या मते या जुन्या इंजिनात पैशांच्या मानाने सर्वाधिक फळ देणारे काम हेच आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. पॉइंटच्या, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणाऱ्या छोट्या स्विचच्या, दोन टोकांमधली फट सर्वाधिक असताना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी ०.८ मिलिमीटरवर, म्हणजे क्रँकच्या साधारण दहा अंशांवर, पॉइंट उघडायला लागावा. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडावी लागते; हा पुढचा अ‍ॅडव्हान्स आतली वजने बाहेर सरकून आपोआप देतात. पॉइंट नेमका कधी उघडतो ते कळण्यासाठी मिस्त्री लोक सिगारेटच्या पाकिटातली पातळ पन्नी दोन टोकांमध्ये धरतात आणि ती सुटते तो क्षण पकडतात. बुलेटमध्ये याहून चांगली सोय हेडलाइटच्या वर बसवलेली आहे. चावी लावली आणि पॉइंट मिटलेले असले, की विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकतो. मागचे चाक गिअरमध्ये धरून इंजिन हळूहळू पुढे नेले, की पॉइंट उघडतो त्याच क्षणी काटा मध्यावर परत येतो. त्या बारीक हालचालीकडे टक लावून बसणे आणि त्याच वेळी पिस्टन कुठे आहे ते पाहणे हे निवांत सकाळचे काम आहे. बरेच जण प्लगच्या भोकातून सायकलची तार सोडून पिस्टनची जागा पाहतात. पण भोक तिरके आहे, त्यामुळे तार जितकी सरकते तितकाच पिस्टन सरकतो असे होत नाही, ०.८ मिलिमीटरच्या कामात हा फरक मोठा आहे. क्रँकवर अंशांची तबकडी बसवून, पिस्टन दोन्ही बाजूंनी एकाच खुणेवर आणून मधला बिंदू काढला, तर वरचे टोक बिनचूक सापडते. माझ्या वहीतला चढता वेळ सर्वांत जास्त कमी झाला तो या कामानंतर, आणि त्यासाठी एकही नवा भाग आणावा लागला नव्हता.

हवा आत येण्याच्या वाटेवरही स्वस्तात करण्यासारखे एक काम आहे. कार्ब्युरेटर आणि सिलिंडरवरचे हेड यांच्यामध्ये जे पॅकिंग असते, त्याचे भोक अनेकदा पोर्टपेक्षा, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेपेक्षा, लहान किंवा सरकलेले असते आणि कागदाची कड थेट वाहत्या हवेत येते. मधली जोडनळी (मॅनिफोल्ड) काढून पॅकिंग पोर्टवर धरावे, शाईने कड उमटवावी, आणि जिथे पायरी पडते तिथे बारीक कानसीने ती उतरवावी. ओतकामातली एखादी गाठ राहिली असेल तर तीही घासून टाकावी. आरशासारखी चकाकी आणण्याची मात्र गरज नाही. हवेची वाट रुंद करत सुटलो, तर कमी फेऱ्यांवर तिचा वेग मंदावतो आणि हवी ती मधली ओढच हातची जाते.

सायलेन्सरबद्दलही हेच लागू आहे. उघड्या नळीच्या सायलेन्सरने ३५० बुलेटची ओढ वाढते, हे माझ्या घड्याळाने कधी दाखवले नाही. बाहेर जाणाऱ्या धुराचा अडथळा कमी झाला, की आत येणाऱ्या मिश्रणाचा हिशेब बदलतो. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, मधल्या फेऱ्यांवर गाडी अडखळते आणि मूठ सोडल्यावर फटाके फुटतात. त्या फटाक्यांना लोक ताकद समजतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पण कायदा नसता तरी मी ही नळी लावली नसती. रात्री अकरा वाजता दवाखान्यासमोरून तो आवाज करत जाणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही, आणि आत झोपलेल्या माणसाची झोप मात्र जाते.

गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, बदलणे हा बदल वेगळ्या जातीचा आहे. सोळाच्या जागी सतरा दातांचे बसवले, की त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या सहा टक्क्यांनी कमी होतात. सपाट महामार्गावर गाडी शांत वाटते, घाटात मात्र गिअर लवकर उतरवावा लागतो. ताकद तिळभरही वाढलेली नसते. ती वेगळ्या वेगाला वाटून दिलेली असते. ज्याची रोजची वाट पसरणी किंवा यवतेश्वरच्या चढाची आहे त्याने हा बदल करू नये, असे मी सांगेन.

उरतो तो कार्ब्युरेटर, आणि आजच्या घडीला तोच सर्वांत महत्त्वाचा झाला आहे. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हे पूर्ण जळण्याचे प्रमाण, आणि जास्तीत जास्त ताकदीसाठी साडेबारा ते तेरा. आता आपल्या टाकीत येणाऱ्या ई-२० इंधनात एक पंचमांश इथेनॉल असते, उसापासून आणि धान्यापासून बनलेले. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन बरोबर घेऊन येते, त्याला एका भागामागे नऊच भाग हवा लागते. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. बुलेटच्या कार्ब्युरेटरला ते कळण्याचा मार्ग नाही, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर अचूक बसवलेली गाडी ई-२० वर पातळ मिश्रणावर चालते, जास्त तापते आणि ओढ कमी देते. माझ्या वहीत हा बदल चढत्या वेळात स्पष्ट दिसला; उतरता वेळ तोच होता, म्हणजे दोष मिश्रणातच होता. प्लगही पांढरा पडू लागला होता. शिसेविरहित पेट्रोल आल्यापासून प्लगच्या रंगावरून निदान करणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही, तरी पांढऱ्याफटक प्लगकडे दुर्लक्ष करू नये.

मूठ तीन चतुर्थांशापेक्षा जास्त उघडली की मेन जेटचे राज्य असते, आणि पाव ते पाऊण या टप्प्यात नीडलचे, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईचे. म्हणून मी आधी मेन जेट एका मापाने मोठा केला आणि पूर्ण उघड्या मुठीवर वेळ घेतला. तो पूर्वीच्या आकड्याजवळ परत आला. एका वेळी एकच बदल, हा नियम इथे कसोशीने पाळावा लागतो. त्यानंतर मुठीवर आणि तिच्या कडेच्या घरावर चिकटपट्टीची खूण करून, बरोबर अर्ध्या मुठीवर तीच मोजणी केली. नीडलची क्लिप एक खाच खाली उतरवली की नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त येते. त्याने अर्ध्या मुठीची अडखळ गेली आणि घाटात टाकी तापणेही कमी झाले. अ‍ॅव्हरेज मात्र परत आले नाही, आणि ते येणारही नाही, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. ताकदीचे गणित वेगळे आहे. इंजिनाला दर घोटाला मिळणारी हवा तीच असते, आणि तेवढ्या हवेत दोन्ही इंधनांची जवळजवळ सारखीच ऊर्जा मोकळी होते; म्हणून योग्य जेट बसवल्यावर ओढ टिकते, खर्च वाढतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या वापरणाऱ्यांनी निदान एवढी मोजणी करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते, कारण पातळ मिश्रणावर महिनोन्‌महिने चालवलेले इंजिन शेवटी पिस्टन आणि व्हॉल्व्हची किंमत वसूल करते. माझ्या गाडीचा मोठा जेट मी उन्हाळ्यात बसवला आहे. थंड, दाट हवेत तोच जेट पुरतो की मिश्रण पुन्हा पातळ पडते, हे डिसेंबरात त्याच पट्ट्यावर, त्याच पहाटेच्या वेळी मोजायचे आहे. तोवर वहीतला तो रकाना रिकामा ठेवला आहे.